प्राध्यापकी सोडून गाण्याकडे वळताना

लोकसाहित्य, भाषा, समाजशास्त्र, इतिहास अशा विषयांत संशोधन करणारी, कॉलेजात तास घेणारी आणि उरलेल्या वेळात गाणी लिहिणारी बरीच तरुण मंडळी आज महाराष्ट्रात आहेत. ढोलकी-दिमडीच्या ठेक्याला गिटार आणि ड्रम्सची जोड द्यायची आणि आपल्या बोलीत आजच्या जगण्याचं गाणं लिहायचं, हे त्यांच्या मनात पक्कं असतं. फोक-रॉक म्हणतात ते हेच. गाडी अडते ती एका प्रश्नापाशी. नोकरी किंवा पीएच.डी. सोडून पूर्णवेळ या कामाला लागावं का?

लागावं, असंच माझं मत आहे. मात्र विद्यापीठ सोडताना अभ्यासकाची शिस्त तिथेच ठेवून येऊ नका. नोंदी ठेवणं, कागद नीट वाचणं, अनोळखी माणसाचं बोलणं धीराने ऐकणं आणि ज्याचं श्रेय त्याला देणं या सवयींची गरज गाण्याच्या व्यवसायात जास्तच पडते. त्या कुठे आणि कशा वापरायच्या, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी गेलेल्यांचा रस्ता

क्रिस क्रिस्टोफरसन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले आणि नंतर अमेरिकेच्या लष्करात हेलिकॉप्टर चालवू लागले. 1965 साली त्यांना वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत साहित्य शिकवण्याची नेमणूक मिळाली होती. ती सोडून ते गाणी लिहायला नॅशव्हिलला गेले. तिथे त्यांनी कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत झाडलोट केली, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींसाठी हेलिकॉप्टर उडवलं. त्यांचं जॉनी कॅशने गायलेलं एक गाणं 1970 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारात वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं. राजीनामा आणि पुरस्कार यांच्यामध्ये पाच वर्षं गेली, आणि त्या काळात पोट दुसऱ्याच कामावर चाललं. हा हिशोब निघण्याआधी डोळ्यासमोर असू द्या.

आपल्याकडचं मोठं उदाहरण आसामच्या भूपेन हजारिका यांचं. 1952 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. विषय होता प्रौढ शिक्षणात दृक्-श्राव्य साधनांचा वापर. परतल्यावर ते गुवाहाटी विद्यापीठात शिकवू लागले आणि पुढे ती नोकरी सोडून कलकत्त्याला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांना गायक पॉल रोबसन यांचा सहवास लाभला होता; रोबसन यांनी मिसिसिपी नदीवर गायलेल्या गाण्याचा धागा धरून हजारिकांनी ब्रह्मपुत्रेच्या काठच्या माणसांचं गाणं रचलं. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत कसं पोचायचं, हा त्यांच्या प्रबंधाचा प्रश्न होता. गाण्यातही ते तेच करत राहिले.

म्हैसूरच्या रघू दीक्षित यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदकासह एम.एस्सी. केलं आणि पुढे ते संगीताकडे वळले. एकोणिसाव्या शतकातले संतकवी शिशुनाळ शरीफ यांची कन्नड पदं त्यांनी फोक-रॉकच्या बाजात गायली. त्यांचा पहिला अल्बम 2008 साली आला आणि 2011 मध्ये ते इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायले. आपल्या मातीतलं जुनं पद आजच्या वाद्यमेळात उभं राहू शकतं, आणि भाषा न कळणारा श्रोताही ते ऐकतो, याचा हा ताजा दाखला.

सोडण्यापूर्वी कागद पाहा

पीएच.डी. चालू असेल तर आधी वर्षं मोजा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षं वाढवता येतात. महिला आणि दिव्यांग संशोधकांना यापुढेही काही सवलत आहे. प्रकरणं लिहून होत आली असतील तर प्रबंध पूर्ण करून द्या आणि मगच निघा. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी 1970 च्या दशकात अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीतली पीएच.डी. 2007 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पूर्ण केली. आपल्या नियमांत एवढी सवड नाही. उलट, कोर्सवर्क नुकतंच झालं आहे आणि विषयात जीव रमत नाही अशी स्थिती असेल, तर केवळ लोकलाजेस्तव वर्षं घालवू नका. मार्गदर्शकांना वेळेत स्पष्ट सांगा. त्यांच्याकडची तुमची जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळेल.

जेआरएफ शिष्यवृत्तीचे दरमहा 37,000 किंवा पुढच्या टप्प्यातले 42,000 रुपये हाती येत असतील तर मंजुरीपत्र पुन्हा वाचा. मध्येच सोडल्यास परतफेडीची अट आहे का, दुसऱ्या कमाईवर बंधन आहे का, हे त्यात असतं.

अनुदानित कॉलेजात कायम जागेवर असाल तर थेट राजीनामा देऊ नका. आधी बिनपगारी रजा मिळते का आणि त्या काळात जागेवरचा तुमचा हक्क टिकतो का, हे कार्यालयातून लेखी घ्या. नोकरीत असतानाच तिकीट लावून कार्यक्रम करायचे असतील तर संस्थेची परवानगीही लेखीच हवी. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन योजनेतली रक्कम यांचं काय होणार, हे राजीनाम्याच्या तारखेवर अवलंबून असतं. काही महिने थांबल्याने हक्काची रक्कम पदरात पडत असेल तर थांबा.

तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर एकदम सगळं सोडण्याची गरजच नाही. आठवड्यातले दोन दिवस तास आणि बाकीचे दिवस गाणी, अशी वाटणी करता येते. मात्र या तासांचं मानधन वेळेवर जमा होतं असं समजून घरखर्च आखू नका.

आणखी एक काम पगार चालू असतानाच उरका, ते म्हणजे कुटुंबाचा आरोग्य विमा. गाणाऱ्याचा घसा बसला की कमाई बसते, त्यात दवाखान्याचं बिल आलं तर साठवण संपायला वेळ लागत नाही.

पैसा येतो कुठून

निदान दीड वर्षाचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय पूर्णवेळ उतरू नका. ऑनलाइन ऐकण्यातून घर चालेल ही आशा सुरुवातीला तरी बाजूला ठेवा. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला 1,000 सदस्य आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं जाणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं 12 महिन्यांत 1,000 वेळा वाजल्याशिवाय त्याचे पैसे धरले जात नाहीत. या मंचांवर गाणी ठेवायचीच, कारण आयोजक आधी तिथेच शोधतो. कमाई मात्र कार्यक्रमांतून, मालिका-चित्रपट-नाटकांसाठी लिहिलेल्या गाण्यांतून आणि कार्यशाळांतून उभी राहते.

तुमच्यासारख्यांना आणखी एक दार उघडं आहे, ते म्हणजे सप्रयोग व्याख्यान. महाराष्ट्रात गावोगावी वाचनालयं आहेत, वसंत व्याख्यानमाला आहेत, महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांचे कार्यक्रम आहेत. भारूड कसं रचलं जातं, पोवाड्यात गोष्ट कशी पुढे सरकते, हे दाखवत मध्ये आपली गाणी म्हणणारा माणूस त्यांना हवा असतो. नुसत्या बँडला तिथे सहसा बोलावणं येत नाही, तुम्हाला येईल. बाहेरच्या मंचांपैकी अरुणाचलमधला झिरो महोत्सव 2012 पासून आणि जोधपूरच्या मेहरानगडावरचा राजस्थान इंटरनॅशनल फोक फेस्टिव्हल 2007 पासून भरतो. तिथे अर्ज करण्यापूर्वी एकदा प्रेक्षक म्हणून जाऊन या.

मानधनातून साधारण 10 टक्के टीडीएस कापला जातो, तो परताव्यात मिळवण्यासाठी विवरणपत्र दरवर्षी भरा. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर एरवी जीएसटी नोंदणी लागत नाही. शिवाय लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकारातल्या सादरीकरणाला, एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखांपर्यंत असल्यास, जीएसटीतून सूट आहे. गिटार-ड्रम्ससह केलेला तुमचा प्रयोग लोककलेत धरला जाईल का, हे आधीच सीएला विचारा.

प्रबंधाची भाषा उतरवा

शिकलेल्या माणसाच्या गाण्यात पहिला अडथळा त्याच्याच वाक्यांचा असतो. समजा तुमचं काम ऊसतोड कामगारांवर आहे. प्रबंधात तुम्ही लिहिलंत, ‘हंगामी स्थलांतरामुळे मजुरांच्या मुलांच्या शालेय शिक्षणात खंड पडतो.’ वाक्य खरं आहे, पण ते गाता येत नाही. त्यात कोणी कोणाशी बोलत नाही, कुठली वस्तू दिसत नाही. आता त्याच गोष्टीतलं पोर शोधा. मुकादमाची उचल घेतलेली आहे, आई-बाप कोयत्यावर निघालेत, दिवाळीनंतरची शाळा सुटणार आहे. ते पोर मास्तरांना काय सांगेल?

खुंटीला दप्तर, दाराला कडी
पहाटे निघाली उसाची गाडी
मास्तर, हजेरी माझीबी लावा
मागल्या बाकाला जागा ठिवा

प्रबंधातला ‘खंड’ इथे खुंटीवरच्या दप्तरात आला. ‘स्थलांतर’ गाडीत बसलं. तक्रार कुठेच केलेली नाही, फक्त एक विनंती आहे, आणि ती पुरी होणार नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. आता अक्षरं मोजा. पहिल्या तीन ओळी अकरा अक्षरांच्या आहेत, शेवटची दहा. केरव्याच्या ठेक्यात म्हणून पाहा, त्या एका अक्षराच्या रिकाम्या जागेत हलगीची थाप बसते. ठेक्यासाठी अशी जागा मुद्दाम सोडायला शिका. लिहिणारे लोक ओळ शब्दांनी गच्च भरतात आणि मग वाद्यांना करायला काही उरत नाही.

‘बी’ आणि ‘ठिवा’ ही रूपं तुम्ही त्या माणसांच्या तोंडून ऐकली असतील तरच वापरा. बोली ही गाण्याला गावरान रंग देण्याची वस्तू नव्हे. क्षेत्रकार्यात बोलणाऱ्याची शब्दरूपं जितक्या काटेकोरपणे टिपत होता, तेवढीच काटेकोर वही गाण्यासाठीही ठेवा.

चालीच्या बाबतीतही हाच धीर लागतो. जात्यावरची ओवी बहुतेकदा चार-पाच सुरांत फिरते. तिच्याखाली दर मात्रेला कॉर्ड बदलली तर ती गुदमरते. एकच सूर गिटारवर धरून ठेवा, ओवी आपोआप वर येते. गाणारी बाई ज्या पट्टीत गाते त्या पट्टीत तुम्ही कॅपो लावून या, तिला तुमच्या पट्टीत ओढू नका. चामड्याची हलगी शेकून ताणावी लागते आणि थोड्या वेळाने ती उतरते, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या दिवशी शेकोटीची जागा आणि पुन्हा शेकायला लागणारा वेळ, दोन्ही हिशोबात धरा. वाजवणाऱ्या दादांना घाई लावून काढलेला ताल पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

हे गाणं कोणाचं?

अभ्यास सोडून लोकगीतांकडे येणाऱ्याने सर्वात जास्त जपायची जागा ही आहे. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये क्षेत्रकार्यातली ध्वनिमुद्रणं असतील. त्या मावशींनी, त्या वाघ्या-मुरळींनी, त्या गोंधळ्यांनी आवाज दिला तो संशोधनासाठी. तोच आवाज गाण्यात वापरून ते विकायचं असेल तर पुन्हा त्यांच्या दारात जायला हवं. गाणं कुठे वाजणार, पैसे मिळाले तर त्यांचा वाटा किती, नाव कसं लिहायचं, हे त्यांच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्या. कायद्यातही सादर करणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर हक्क आहे, आणि तो 50 वर्षं टिकतो. संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून ते मुद्रण झालं असेल तर संस्थेचीही परवानगी लागू शकते.

याचा आदर्श आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाकडे आहे आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव दिलेलं आढळतं. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून मोकळं होणं किती सोपं होतं! त्यांनी ते केलं नाही. तुमच्या गाण्याच्या खालीही ‘पारंपरिक’ या एका शब्दावर थांबू नका. कोणाकडून, कुठे ऐकलं, ते लिहा.

जुन्या रचना घेताना लेखकाचा मृत्यू कधी झाला, ते तपासा. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतर 60 वर्षं राहतो. अण्णा भाऊ साठे 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क 2029 च्या अखेरपर्यंत आहे. त्यांचं कवन गायचं तर परवानगी हवी. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण श्रीनिवास खळे यांनी त्या अभंगाला बांधलेली चाल तशी नाही. अभंग घ्या आणि चाल तुमची स्वतःची बांधा.

आपल्या हक्काची नोंद

जे दुसऱ्याला द्यायचं तेच स्वतःसाठी मागायला संकोचू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली. आता चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी गाणं लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला हक्क करारावर सही करून घेऊनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी, सर्व जगात’ असं छापलेलं दिसलं की पेन खाली ठेवा आणि वकिलाला दाखवा.

गीतकार आणि संगीतकारांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, ही 1969 पासूनची संस्था आहे. तिचं सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं प्रसिद्ध होण्यापूर्वी तिथे नोंदवा. गायकांच्या हक्कांचं काम वेगळ्या सोसायटीकडे आहे, तेव्हा स्वतः गात असाल तर तिथेही अर्ज करा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 12 चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक असतो. वितरक तो बहुधा देतो, तो वहीत टिपून ठेवा.

बँडमधले वाद मुख्यतः श्रेयावरून होतात. गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी एका कागदावर लिहा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के. हलगीवाल्या दादांनी सुचवलेल्या ठेक्याने गाण्याचं मुख्य वळण ठरलं असेल तर त्यांचा टक्काही तिथेच लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री घट्ट असतानाच हे करायचं असतं.

पहिली दोन वर्षं

राजीनाम्यापूर्वी दहा पूर्ण गाणी हाताशी असावीत. ती अनोळखी लोकांसमोर म्हणून झालेली असावीत, कारण विद्यार्थी आणि मित्र टाळ्या वाजवणारच. गावची जत्रा, गणपतीतला मंडप, शहरातला खुला मंच अशा वेगवेगळ्या ठिकाणी म्हणून पाहा. लोक कोणत्या ओळीला मोबाइल खाली ठेवतात, कुठे उठून जातात, हे घरी येऊन लिहून काढा. त्या नोंदींवरून गाणी बदला. समूह लहान ठेवा. गिटार, एक तालवाद्य, बेस आणि गळा एवढ्यात बरंच जमतं आणि एका गाडीत सगळे मावतात.

घरच्यांशी बोलताना स्वप्न सांगण्याऐवजी आकडे सांगा. साठवण किती, विमा कोणता, दोन दिवसांचे तास कुठे, किती काळ प्रयत्न करणार. आई-वडिलांची काळजी खोटी नसते. ती प्रश्न म्हणून मान्य केली की बोलणं पुढे सरकतं. दोन वर्षांनंतरची एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी तीन गोष्टी तपासा. या काळात नवी गाणी किती झाली, घरखर्चाचा किती भाग गाण्यातून निघाला, आणि पुढचं गाणं लिहिण्याची ओढ अजून आहे का. ओढ असेल आणि पैसे कमी पडत असतील तर शिकवण्याचे तास वाढवा आणि लिहिणं चालू ठेवा. वर्गात परत जाण्यात कमीपणा नाही. गाणाऱ्या मास्तरांची महाराष्ट्राला सवय आहे.

मराठीत आज लोकसंगीताच्या बाजाचं बरंच काही वाजतं, पण आजच्या माणसाचं, नीट ऐकून, नीट नावानिशी लिहिलेलं गाणं त्यात थोडं आहे. ते लिहायला लागणारी तयारी तुम्ही ग्रंथालयात आणि गावागावांत हिंडून केलेली आहे. या आठवड्यात मंजुरीपत्र किंवा सेवानियम वाचून काढा, अर्धवट पडलेलं एक गाणं पुरं करा, आणि ज्यांच्याकडून पहिली ओवी ऐकली त्या मावशींना फोन करून गाणं ऐकवा. राजीनाम्याची तारीख त्यानंतर ठरवा.